गार्डच्या डब्यात दोन रात्री

"चौतीस वर्षं त्या डब्यात हाडं खिळखिळी करून घेतली म्या. आता पुन्हा त्यातच झोपाले जाऊ? आणि तेही हौसेनं?" सुखरामनं हातातला हॉटेलच्या बुकिंगचा छापील कागद टीपॉयवर टाकला आणि बनियनमध्ये हात घालून पाठ खाजवली.

"बाबा, वो वैसा डब्बा नहीं है. एसी आहे, बाथटब आहे. गार्ड व्हॅन स्वीट म्हणतात त्याला. त्यांची सगळ्यात भारी रूम आहे ती." मुलगा अश्वजीत हे तिसऱ्यांदा सांगत होता.

"तेच म्हणून राहिलो ना मी. ज्या डब्यात संडास नव्हता तिथं आता बाथटब! युनियनवाले बोंबलून बोंबलून मेले, पाण्याची एक टाकी नाही बसवली कोणी."

"बाबा, चाळिसावा वाढदिवस आहे लग्नाचा," सून श्रद्धा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. तिला शाळेत शिकवायला जायचं होतं, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात कंगवा होता. "आईंसाठी तरी चला."

"तिले पाहिजे काय? विचार तिले. ती तर काही बोलूनच नाही राहिली."

कलावती खाली चटईवर बसून वाटाणे सोलत होती. पनागरचा वाटाणा जानेवारीत इतका स्वस्त येतो की जबलपूरच्या घराघरात महिनाभर तेच चालतं, सोला आणि भरून ठेवा. तिनं मान वर केली नाही. "माझी तर बॅग भरून झाली," ती म्हणाली.

गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडर सुरू झाला तसा सुखरामला आवाज चढवायला निमित्त मिळालं.

"मग जा ना तू! मी काहून पाहिजे तिथं? दोन दिवस आराम कर. खा, पी, झोप. मी नसलो तर काय अडते तुझं? इतके वर्षं कुठं अडलं?"

हे त्यानं टोचून म्हटलं नव्हतं, अगदी सरळ मनानं म्हटलं होतं. कलावतीला लागलं ते म्हणूनच.

"आई अकेली जाएगी क्या हॉटेल में? लोक काय म्हणतील?" अश्वजीत वैतागला.

"लोक कोण आहेत तिथं, माझे मामा?" कलावतीनं शेवटची शेंग फोडली, टरफलं पदरातून टोपलीत झटकली आणि उठली. "जाते मी. तुमचं मन झालं तर उद्या या. बस आहे बरगीची."

"बघतो," सुखराम म्हणाला.

बघतो हा त्याचा शब्द तिला चाळीस वर्षं ओळखीचा होता.

तिरोड्याजवळच्या गावातून ती लग्न होऊन आली तेव्हा गोंदियाहून जबलपूरला छोटी लाइन होती. विहारात लग्न लागलं, आणि दुसऱ्या दिवशी ती पांढऱ्याशुभ्र साडीत त्या छोट्या गाडीत बसली. उतरली तेव्हा साडीवर कोळशाचे इतके कण होते की शेजारणीला ती नक्षी वाटली. तिसऱ्या दिवशी सुखराम ड्यूटीवर गेला. पुढे तो मालगाडीचा गार्ड झाला, आणि मग तर कधी जाईल, कधी येईल याचा पत्ता नसे. मालगाडीला टाइमटेबल नसतं. कटनीला सहा तास लूपमध्ये, बाजूच्या रुळावर, उभी राहिली तर राहिली. कलावतीनं स्वतःला एक सवय लावून घेतली होती. तो आल्याशिवाय जेवायचं नाही. सासूनं सांगितलं म्हणून नव्हे, सासू तर लवकर गेली. पण त्याला एकट्याला वाढायचं आणि आपण भिंतीला टेकून बसायचं, हे तिला बघवत नसे. तो दिवसभर एकटाच असतो शेवटच्या डब्यात, निदान घरी तरी समोर कोणी चावणारं असावं. म्हणून ती थांबे. दुपारचे चार वाजोत, पहाटेचे तीन वाजोत.

त्याच्या रिटायरमेंटची ती वाट बघत होती ती एवढ्याचसाठी. दोघांनी एका वेळी उठावं, एका वेळी जेवावं, बस. इतर बायका नवऱ्याच्या रिटायरमेंटला घाबरतात, हिनं मात्र तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं गोल केली होती. सुखराम रिटायर झाला, हार घातले गेले, फोटो निघाले, आणि घरी आल्यावर कळलं की माणूस सुटला तरी त्याचं अंग ड्यूटीवरच राहिलं. तो दिवसा झोपे. पहाटे उठून अंगणात उभा राही. भूक लागली की जेवे, ती कधी लागेल ते कोणी सांगू शकत नव्हतं. बैठकीतल्या लोखंडी पलंगावर त्यानं स्वतःची वेगळी जागा करून घेतली होती, "तुझी झोपमोड नको" म्हणून. तीन वर्षं झाली. कलावती अजून थांबत होती. डॉक्टरनं तिला ॲसिडिटीच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि म्हणाला होता, "माताजी, टाइम पे खाना खाइए." ती हो म्हणाली होती.

म्हणून हे दोन दिवस तिला हवे होते. हॉटेल नको होतं, दोन दिवस हवे होते. चार वेळची जेवणं. परक्या जागी तरी तो झोपायला दुसरीकडे कुठे जाणार नव्हता.

---

अश्वजीतनं तिला शनिवारी दुपारी सोडलं. ग्वारीघाटाचा फाटा मागे पडला, शेतं लागली, आणि मग एकदम एक स्टेशन आलं. पिवळा बोर्ड, त्यावर काळी अक्षरं, 'सतपुडा सायडिंग', खाली समुद्रसपाटीपासूनची उंचीसुद्धा. फलाट होता, बाकडी होती, पितळी घंटा होती. गाडी तेवढी नव्हती. रुळांवर सात-आठ डबे कायमचे उभे केले होते आणि प्रत्येकाच्या दाराशी कुंड्या.

पांढरा कोट घातलेली एक मुलगी शिट्टी फुंकत पुढे आली. कोटावर नाव होतं, गीतांजली. तिनं लाल झेंडी फडकवली. कलावती जागच्या जागी थांबली. मागून अश्वजीत बॅग घेऊन तिच्यावर आपटला.

"क्या हुआ, मैडम? आइए, आइए!" गीतांजली हसत आणखी जोरात लाल झेंडी हलवू लागली.

"बेटा, लाल दाखवून आइए म्हणतात का? हरी दिखाओ."

"मैडम, फोटो में लाल अच्छा आता है," गीतांजली म्हणाली. मग तिनं कलावतीच्या मागं पाहिलं, अश्वजीतच्याही मागं पाहिलं. "और सर?"

"सर कल आएँगे," कलावती म्हणून गेली. अश्वजीतनं आईकडे पाहिलं आणि मोबाइल काढून काहीतरी बघायला लागला.

गार्डचा डबा सगळ्यात शेवटी होता. तो असतोच शेवटी. बाहेरून लाल रंग, मागं छोटा व्हरांडा, कठडा, लटकता कंदील. आत मात्र सागवान, मखमल आणि थंडी. बाहेर जानेवारी असून एसी चालू होता. तो बंद कसा करायचा ते तिला कळेना आणि विचारायची लाज वाटली, म्हणून तिनं बॅगेतून शाल काढून पांघरली. पलंगावर टॉवेलचे दोन हंस एकमेकांना चोच लावून बसवले होते. त्यांच्यामध्ये गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम. दोन चपला, दोन कप, दोन टूथब्रश. भिंतीवर ब्रेकच्या हवेचा मोठा गोल काटा, खाली पाटी, 'स्पर्श करू नये'. कोपऱ्यात गार्डची लोखंडी पेटी. तशीच, हुबेहूब, काळी, वर पांढऱ्या रंगानं कोणा एस. के. मिश्राचं नाव लिहिलेली. कलावतीनं सवयीनं कडी उचलली. आत निळा दिवा लागला आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या दिसल्या.

तिनं ती पटकन बंद केली, दुसऱ्याच्या घरातलं कपाट चुकून उघडावं तशी.

संध्याकाळी गीतांजली केक घेऊन आली. 'हॅपी एनिवर्सरी सुखराम कलावती', बदामाच्या आकारात. सोबत एक पोरगा मोबाइल धरून. "मैडम, छोटा सा व्हिडिओ. आप काटिए, और... और..."

"और तुम खाओ," कलावतीनं म्हटलं आणि पहिला तुकडा तिच्या तोंडात घातला. पोरीनं तो चावत चावत टाळ्या वाजवल्या. एकटी किती वाजवणार? उरलेला केक कलावतीनं त्या दोघांनाच देऊन टाकला.

ते गेल्यावर ती मागच्या व्हरांड्यात जाऊन बसली. चाळीस वर्षांत ती गार्डच्या डब्यात कधी चढली नव्हती. परवानगीच नसे. तिला माहीत होतं ते सारं सुखरामच्या तोंडून आलेलं, तेही तुटक. लोखंडी बाक. हिवाळ्यात गोणपाट. उन्हाळ्यात भट्टी. आणि बोलायला कोणी नाही. इंजिनात दोघं असतात, शेवटच्या डब्यात एकच. ती कठड्याला धरून बसली. समोर रूळ होते, तीसेक हात, आणि त्यानंतर हरळी. स्पीकरमधून दर थोड्या वेळानं इंजिनाची शिट्टी येई आणि गाडी लांब जाई. तिचा डबा कुठंच जात नसे.

रात्रीच्या जेवणाआधी तिनं घरी फोन लावला.

"कशी आहे व्यवस्था?" सुखराम.

"चांगली आहे. तुमची पेटी आहे इथं. तिच्यात कोल्ड्रिंक ठेवतात."

तिकडून हसण्याचा आवाज आला. किती महिन्यांनी! कलावतीनं फोन कानाला जास्त दाबला.

"काय सांगतेस! आणि हवेचा काटा आहे काय भिंतीले? खरा आहे की नुसता चिटकवला?"

"हात लावू नका असं लिहिलं आहे."

"अरे, खरा असन तर मागं पाइप असते. पाहून घे बरं. ब्रास आहे की प्लास्टिक? आणि हँडब्रेकचं चाक? तेही आहे?" त्याच्या आवाजाला उभारी आली होती. ती उठून चाक शोधायला लागली, पाइप बघितला, पितळ आहे म्हणाली. तिनं काय खाल्लं, एकटीला बरं वाटतंय का, हे त्यानं विचारलं नाही. तिलाही त्या आनंदात ते जाणवलं नाही. "मग या ना उद्या. तुम्हीच पाहा."

"येतो. उद्या दुपारी येतो. जेवाले पोचतो बारा-एकपर्यंत."

बघतो म्हणाला नाही. येतो म्हणाला.

---

दारावर थाप पडली तेव्हा बाहेर अजून उजाडायचं होतं.

"कॉल है! पौने छह का कॉल है!"

कलावती उठून बसली, पाय चपलेत गेले, पदर खांद्यावर आला, सगळं डोळे उघडायच्या आधी. दार उघडलं. खाकी कपड्यातला एक माणूस बॅटरी आणि लांबट रजिस्टर घेऊन उभा होता. तिनं त्याच्या हातून पेन घेतलं, बोट ओळीवर ठेवलं आणि लिहिलं, 'एस. एल. रामटेके, गार्ड. ५.४५.' वळणदार, झरझर, जसं पंचवीस वर्षं लिहीत आली होती तसं. "भैया, अभी उठाती हूँ उनको," ती हलक्या आवाजात म्हणाली, आणि वळली.

क्वार्टरात असताना ड्यूटीचा निरोप घेऊन कॉलमन यायचा तो असाच. गाडीच्या दोन तास आधी. सही गार्डनंच करायची असा नियम होता, पण कलावतीनं सुखरामची सही शिकून घेतली होती. तेवढीच त्याला दहा मिनिटं जास्त झोप. सही करायची, स्टोव्ह पेटवायचा, भाजी फोडणीला टाकायची, आणि मगच त्याच्या पायाला हात लावायचा. रेल्वे कॉलनीतल्या अर्ध्या बायका नवऱ्याच्या सह्या करत. मोबाइल आले तसं ते संपलं.

ती वळली, आणि समोर सागवानी पलंग होता. तिनं डाव्या कुशीवर झोपून एक खळगा केला होता. बाकीचा अर्धा पलंग सपाट. एक हंस अजून त्या बाजूला बसला होता, तो तिनं मोडला नव्हता.

"मैडम?" दारातला माणूस चाचरला. "साहब आ गए क्या? लिस्ट में तो आप अकेली हैं. आपको अपना नाम लिखना था. सूर्योदय की चाय है, प्लेटफॉर्म पर."

तिनं रजिस्टरकडे पाहिलं. त्या पानावर बाकीच्या सगळ्या ओळी रिकाम्या होत्या. तिनं ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'कलावती रामटेके'. हे लिहायला तिला जास्त वेळ लागला.

चहा पीत ती फलाटावर बसली. इतर पाहुणे उठले नव्हते. तो माणूस, पंचमलाल त्याचं नाव, शेकोटी पेटवत होता. पनागरचा. घरी दोन एकर वाटाणा होता, दिवसा तिकडं, पहाटे इथं.

"दीदी, सच में ऐसे ही बुलाते थे क्या? हमको तो मैनेजर ने सिखाया, जोर से बोलो, खुशी से बोलो."

"खुशी से कोई नहीं बोलता था," कलावती म्हणाली. "फाटकाची कडी दोनदा वाजवायचा. बस. तीनदा वाजवली तर समजायचं की घरी कोणी उठून नाही राहिलं." ती मराठीत घसरली होती हे तिच्या लक्षात आलं नाही. पंचमलालनं मान डोलावली, त्याला समजलं असावं.

"फिर आप सोती कब थीं?"

हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता. तिनं दुसरा चहा मागितला.

---

साडेबाराला ती जेवणाच्या डब्यात जाऊन बसली. फलाटाकडच्या खिडकीजवळ, म्हणजे फाटक दिसेल. अंगावर ती निळी साडी होती, जी रिटायरमेंटच्या दिवशी नेसली होती. टेबलावर दोन ताटं मांडलेली. समोर लांबच लांब मेजावर तीसेक भांडी, प्रत्येकाखाली छोटी ज्योत, प्रत्येकाला स्टेशनाचं नाव. नैनपूर पनीर. बालाघाट पुलाव. एक 'गार्डचा टिफिन' होता, तीन पुड्यांचा पितळी डबा, त्यात पुरी, बटाट्याची भाजी, लोणचं. भाजीत सिमला मिरची घातली होती. ते बघून तिला हसू आलं. सिमला मिरची सहा तासांत पाणी सोडते, डब्यात कोण घालेल?

"मैडम, शुरू करेंगी?" वेटर.

"सर आ रहे हैं."

एक वाजला. भोपाळहून आलेलं एक कुटुंब जेवून गेलं. एक नवं जोडपं आलं, दोघांनी ताटाचे फोटो काढले आणि अर्धं टाकून उठले. दीड वाजता बरगीची बस फाटकासमोर थांबली. एक बाई उतरली, टोपलीसकट. कलावतीनं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

"मैडम, पापड दे दूँ तब तक?" वेटर.

"नहीं, साथ में."

दोन वाजता तिच्या पोटात जळजळायला लागलं. सकाळचे दोन चहा सोडले तर काही गेलं नव्हतं. नाश्त्याची वाटीही तिनं न खाता बाजूला ठेवली होती, दुपारी दोघं मिळून चांगलं जेवू म्हणून. अडीचला श्रद्धानं फोन उचलला.

"आई, बाबा झोपले आहेत ना. सकाळी चारपासून उठलेले, अंगणात होते. म्हणाले थोडं पडतो आणि निघतो. उठवू?"

कलावतीच्या ओठांवर 'उठव' आलं होतं. "नको," ती म्हणाली. "झोपू दे."

तीन वाजता वेटरांनी ज्योती विझवायला सुरुवात केली. एकेक झाकण लागलं. नैनपूर गेलं, बालाघाट गेलं. गीतांजली येऊन समोरच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. आज तिनं पांढरा कोट घातला नव्हता, साधा स्वेटर होता, त्यामुळे ती अगदीच लहान दिसत होती.

"मैडम, आपने कुछ नहीं लिया. खाना ठीक नहीं था?"

"खाना तो मैंने देखा भी नहीं, बेटा."

"तो?" पोरीला खरोखर समजत नव्हतं. "भूख नहीं थी?"

"थी. बहुत थी."

गीतांजली बघत राहिली. कलावतीनंही टेबलाकडे पाहिलं. दोन ताटं, दोन घड्या घातलेले रुमाल, एक पेला पाणी, तो अर्धा. साठ वर्षांची बाई तीस भांड्यांसमोर अडीच तास उपाशी बसली होती आणि कोणीही तिला बसवलं नव्हतं. सुखरामनं तर नाहीच. तो झोपला होता. तो कधीच म्हणाला नव्हता की माझ्यासाठी थांब. उलट सुरुवातीला म्हणायचा, जेवून घेत जा. तिनंच ऐकलं नाही, आणि मग तो म्हणायचा थांबला, आणि मग त्याला दिसायचंही थांबलं. ती थांबते हे आता त्याच्यासाठी घरातल्या भिंतीसारखं होतं. भिंतीकडे कोण बघतं?

तिला रडू आलं नाही. तिला राग यावा असं वाटलं, तोही नीट येईना. भूक मात्र येत होती.

"वो टिफिन बचा है?" तिनं विचारलं.

तो तिनं मागच्या व्हरांड्यात नेला. तीन पुडे कठड्यावर ओळीनं मांडले. पुऱ्या गार होत्या, भाजी सिमला मिरचीमुळे पाणचट झाली होतीच. तिनं सगळ्या पुऱ्या खाल्ल्या. लोणच्याची फोड चोखून चोखून खाल्ली. स्पीकरमधली गाडी एकदा येऊन गेली. खाताना समोर कोणी नव्हतं, आणि तिला ते जाणवत होतं, प्रत्येक घासाला जाणवत होतं. पण घास खाली जात होता. सुखराम चौतीस वर्षं असाच जेवला असणार, हेही तिच्या मनात आलं. त्यालाही पहिली काही वर्षं जाणवलं असेल. नंतर जाणवेनासं झालं असेल. ते जाणवेनासं होणं त्यानं घरी आणलं, आणि आता त्याला ते उतरवून ठेवता येत नव्हतं. ती त्याच्यासाठी ते उतरवू शकत नव्हती. तीन वर्षं तिला वाटत होतं की शकते.

साडेचारला त्याचा फोन आला.

"डोळा लागला गं. श्रद्धानं उठवलं नाही. आता काय, आता बस मिळून संध्याकाळ होईल. तू जेवली ना?"

"जेवली."

"काय होतं?"

"पुरी-भाजी."

"बस? इतक्या भारी हॉटेलात पुरी-भाजी?" तो हसला. "आणि ऐक, त्या हँडब्रेकच्या चाकावर काही नंबर टाकला आहे काय, पाहून ठेव."

"पाहते," ती म्हणाली.

रात्री ती सातला जेवायला गेली. एकच ताट लावायला सांगितलं. गरम फुलके आले. तिनं तिसरा मागितला, वेटरनं चौथा आणला, तोही खाल्ला. खोलीत आल्यावर एसी कसा बंद करायचा ते फोन करून विचारलं. दोन मिनिटांत माणूस आला आणि बंद करून गेला.

---

सोमवारी अकराला अश्वजीत घ्यायला आला. गाडीत त्यानं तीनदा विचारलं, "मजा आला ना आई?" ती तीनदा हो म्हणाली. बेड फार मऊ होता, पाठ दुखली, हेही सांगितलं. केकचा व्हिडिओ हॉटेलनं पाठवला होता, तो त्यानं सिग्नलला थांबून पाहिला आणि मोबाइल पालथा ठेवून दिला.

घरी सुखराम बैठकीत झोपला होता. वरच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली तो, तोंडावर वर्तमानपत्र. कलावतीनं साडी बदलली, दोन दिवसांची भांडी बघितली, दूध तापवलं. सहाला तो उठला.

"आली तू? कधी आली?"

"दुपारी."

"अच्छा. नंबर पाहिला काय?"

"पाहिला. नव्हता काही. घासून रंगवलं आहे."

"हां, मग भंगारातून आणलं असन." त्यानं समाधानानं मान हलवली, चहा घेतला. "बाकी कसं होतं?"

"एकटीचं होतं," कलावती म्हणाली.

त्यानं बशी खाली ठेवली. तिच्याकडे एकदा पाहिलं. पण गल्लीत कोणाची तरी मोटरसायकल खोकली आणि तो उठून दाराशी गेला.

स्वयंपाक साडेसातला झाला. वरण, भात, वाटाण्याची उसळ, पोळ्या. श्रद्धा वह्या तपासत होती, अश्वजीत टीव्ही लावून बसला होता. सुखराम आत डोकावला. "माझं आता नाही. भूक नाही. दहा-अकराला पाहू, तेव्हा गरम कर."

कलावतीनं टेबलावर चार ताटं घेतली. मग एक परत मांडणीत ठेवलं. तीन ताटं वाढली, तिसऱ्यासमोर स्वतः बसली, आणि आवाज न चढवता, टीव्हीवरून ऐकू जाईल एवढा ठेवून म्हणाली,

"आजपासून मी रात्री आठला जेवणार आहे आणि सकाळी अकराला. ज्याले माझ्यासंग जेवायचं त्यानं तेव्हा बसावं. नंतर ज्याले भूक लागन त्याचं झाकून ठेवलेलं राहील, गॅस पेटवता येतो सगळ्यांले. मी उठणार नाही, आणि मी थांबणार नाही."